तुम्ही पान खाता का? (तोंडाचा कॅन्सर आणि आपली माणसं)

बेलग्रेव्हची बाई

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात लेस्टरमध्ये घर बदललं म्हणून दातांचा दवाखानाही बदलावा लागला. पहिल्याच भेटीत डॉक्टरबाईंनी फॉर्मवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खणातून एक रंगीत कागद काढून पुढे केला. त्यावर फोटो: गुटख्याच्या पुड्या, जर्दा, तपकीर, लावलेला विडा, सुपारीची खांडं. यातलं काही तोंडात ठेवता का, असा प्रश्न. म्हटलं, तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नाही. बाईंनी मान डोलावली आणि तरीही दोन्ही गालांच्या आत आरसा फिरवून फिरवून बघितलं.

ऑफिसातली एक गोरी मैत्रीण त्याच दवाखान्यात जाते. तिला सिगारेट आणि दारूचं विचारलं होतं. असला कागद दाखवला नव्हता.

आमच्याकडे पुण्याला तंबाखूचं नाव काढलं तरी आजी कानावर हात ठेवायची. इथल्या बेलग्रेव्ह रोडवर पानाची दुकानं आहेत, फुटपाथवर लाल डाग आहेत, येता-जाता बघते. पण आम्ही सगळेच एकाच माळेचे मणी का? आणि मूळ शंका अशी की, तोंडाचा कॅन्सर खरंच काही वंशांच्या लोकांत जास्त असतो का? असला तर तो रक्तातून येतो की सवयीतून? जाणकारांनी लिहावं. डॉक्टरांना झोडपायला धागा काढलेला नाही.

झणझणीत तर्री

त्या कागदाचा फोटो टाका की. आमच्या नाक्यावरच्या टपरीवाल्याला मेनूकार्ड छापायचंय.

दंतकथा

बाई, रागावू नका. तुमच्या डॉक्टरने नेमून दिलेलं काम केलं. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शक सूचना देणारी 'नाइस' ही संस्था आहे. तिने २०१२ साली खास दक्षिण आशियाई लोकांच्या चघळायच्या तंबाखूवर सूचना काढल्या. पेशंटला विचारताना त्या वस्तूची त्याच्या बोलण्यातली नावं वापरा, गरज पडली तर चित्रं दाखवा, असं त्यात सांगितलं होतं.

ही चित्रं का लागतात ते मी मिरजेत बसून रोज बघते. "तंबाखू खाता का?" "छे हो." "मिश्री?" "ती होय, ती दाताला लावते, खात नाही." "सुपारी?" "ती काय, जेवल्यावर." नुसतं 'टोबॅको' विचारलं तर आपला माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणतो आणि डॉक्टर पुढच्या रकान्यावर जातो.

आता मूळ प्रश्न. काही समाजांत हा आजार जास्त असतो, हे खरंच आहे. २०२० च्या ग्लोबोकॅनच्या (जगभरच्या कॅन्सरच्या आकडेवारीच्या) अंदाजाप्रमाणे जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ७८ हजार नवे रुग्ण होते आणि त्यांतले १ लाख ३६ हजार एकट्या भारतातले. पण तो तोंडात कुठे होतो ते बघा. युरोप-अमेरिकेत जास्त करून जिभेचा किंवा जिभेखालचा, कारण तिकडे सिगारेट आणि दारू. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत, म्हणजे बार धरतात तिथे. पेशंटला मी विचारते, पुडी कुठल्या बाजूला ठेवता? तो बोट दाखवतो. बहुतेक वेळा जखम त्याच बाजूला सापडते. रक्ताचा दोष असता तर त्याला डावं-उजवं कळलं नसतं.

आणि एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूशिवायच्या, नुसत्या सुपारीला. हे वाक्य परत वाचा, कारण आपल्याकडे 'मी फक्त सुपारी खातो' हे निर्व्यसनीपणाचं प्रमाणपत्र समजतात.

पारावरचा अप्पा

आमचे आजोबा ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. चंची शेवटपर्यंत उशाला. पानात काथ, चुना, सुपारी, तंबाखू सगळं. काही झालं नाही. ज्याच्या नशिबात असतं त्याला होतं.

झणझणीत तर्री

अप्पा, आजोबांबरोबर पानाला बसणारे बाकीचे किती वर्षांचे होऊन गेले?

पारावरचा अप्पा

ते आधी गेले. पण कशाने गेले ते तेव्हा कोण बघत होतं!

वैनगंगाकाठ

दंतकथाताई, सुपारीचं लिहिलं ते बरं केलं. आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर पट्ट्यात गुटख्याच्या वरताण खर्रा. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना तो ठाऊक नसतो म्हणून सांगतो.

सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, त्यावर चुन्याचं पाणी. हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला लाकडी फळीवर दोन्ही तळव्यांनी घोटत बसतो. समोर गिऱ्हाईक उभं, गप्पा चालू, हात चालू. घोटून घोटून तपकिरी, ओलसर झाला की त्याच पन्नीत बांधून हातात देतो. खाणारा तो खिशात ठेवून दिवसभर चिमूट चिमूट तोंडात टाकतो. म्हणजे तोंड रिकामं असं नसतंच. लग्नात पंगत उठली की ताटात खर्रा फिरतो आणि नाही फिरला तर वरबाप नाव ठेवतो. बापासाठी खर्रा आणायला पोरगं जातं आणि रस्त्यात पन्नी उघडून चव घेतं. बायाही खातात, लपूनछपून नाही, उघड.

आता यात वंश कोणता धरायचा? गोंड खातात, माडिया खातात, कुणबी-तेली खातात, आणि पुण्या-मुंबईकडून बदलून आलेले साहेबलोकही वर्षभरात पानठेल्यावर उभे दिसतात. त्यांचं रक्त काय बदलीच्या ऑर्डरबरोबर बदलतं?

डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने सरकार आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात मुक्तिपथ हे तंबाखू-दारूविरोधी अभियान सुरू केलं. आमच्या गावातही बायांनी ठराव घेतला, ठेला बंद पाडला. खर्रा आता शेजारच्या गावातून येतो, खोटं कशाला बोलू. पण चारचौघांत मागायची लाज वाटायला लागली. आधी ती नव्हती.

कृष्णाकाठची

मिश्रीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आमच्या गावात, वाळवा तालुक्यात, मिश्रीचा तवा वेगळा असायचा. त्यावर भाकरी नाही. परसात चूल पेटवून तंबाखू काळी पडेस्तोवर भाजायची. ठसका असा की शेजारच्या आळीतली माणसं खोकायची. मग ती चुरडून, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर एकदा बोटाने दाताला, मग पाण्याला जाताना, मग भांगलायला बसताना, मग दुपारी. बोट तोंडात घालून उंबऱ्यावर बसलेल्या बायका हेच माझ्या लहानपणीचं चित्र. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोट साफ होतं" आणि "दात घट्ट राहतात".

माझा मुद्दा असा की इथे 'समाज' म्हणताना बाई आणि पुरुष वेगळे मोजा. एकाच घरात सासरा विडी ओढायचा, नवरा तंबाखू मळायचा, मुलगा गुटखा खायचा आणि सासू-सून मिश्री लावायच्या. बाईने विडी ओढली असती तर घराबाहेर काढलं असतं. मिश्रीला कुणी काही म्हणत नव्हतं, कारण ती दंतमंजनाच्या नावाखाली खपून जायची. कुणाला कुठलं व्यसन शोभतं हे गाव ठरवतं आणि मग त्याच जागी त्याला आजार होतो.

माझ्या मोठ्या चुलतीच्या हिरडीला जखम झाली तेव्हा तिने त्यावर मिश्रीच दाबून धरली. औषध म्हणून. पुढचं लिहीत नाही.

दंतकथा

कृष्णाकाठची, 'बाई आणि पुरुष वेगळे मोजा' याला शंभर टक्के अनुमोदन. मिश्रीबद्दल अजून एक: मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीवाल्या होत्या. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. दाताला लावलेली मिश्री दातापाशी थांबत नाही.

क्वालालंपूरचा कोल्हापुरी

आमच्या मलेशियात तर कॅन्सरच्या सरकारी नोंदणीतच मलय, चिनी, भारतीय असे वेगळे रकाने असतात. त्यामुळे धागाकर्तीचा प्रश्न इथे उघड्यावर पडलेला आहे.

चिन्यांमध्ये नाकामागच्या घशाचा कॅन्सर ठळक. मलय पुरुष सिगारेट भरपूर ओढतात, पण तोंडाचा कॅन्सर त्यांच्यात त्या मानाने कमी. भारतीय वंशाचे लोक देशात सात टक्क्यांच्या आसपास, तरी तोंडाच्या कॅन्सरचा दर सगळ्यांत जास्त त्यांचा, त्यातही बायकांचा. हे भारतीय बहुतेक तमिळ, इंग्रजांनी रबराच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांचे वारस. मळ्यावरची बाई पहाटे चीक काढायला जायची आणि तोंडात विडा असायचा. पान, सुपारी, चुना, बरेचदा तंबाखू.

"बघा, भारतीय रक्त!" असं कुणी म्हणायच्या आत पुढचं सांगतो. बोर्निओच्या भागात, साबा-सारावाकमधल्या मूळ जमातींतल्या बायकाही विडा खातात. त्यांचा भारताशी काडीचा संबंध नाही. तोंडातले पांढरे चट्टे, कॅन्सरच्या आधीच्या खुणा, त्यांच्यातही सापडतात. दोन समाज, मध्ये समुद्र, सारखा फक्त विडा.

आणि इथल्या तमिळ मित्रांच्या घरी आजी विडा खाते, आई लग्नकार्यात खाते, मुलगी खातच नाही. मुलगी सरकारी कागदावर मात्र आजीच्याच रकान्यात.

बेलग्रेव्हची बाई

अगदी हेच म्हणायचं होतं मला! मी त्या मुलीच्या जागी आहे.

पेशीपुराण

'सगळं सवयीचं' म्हणून जनुकांना अगदीच निकालात काढू नका. एक उदाहरण देतो. पूर्व आशियातल्या, म्हणजे चिनी, जपानी, कोरियन लोकांत दारूचं विघटन करणारं एक विकर (एन्झाइम) अनेकांमध्ये जन्मतः अशक्त असतं. एक पेला घेतला की चेहरा लालबुंद होतो. शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचतं, ते कॅन्सरकारक आहे, आणि अशा माणसाने दारू चालूच ठेवली तर अन्ननलिकेच्या, तोंडा-घशाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच वाढतो. म्हणजे रक्तात फरक आहे. पण तो दारू प्यायल्यावर उठतो. न पिणाऱ्याला त्याचं काही नाही.

तेव्हा जनुक की सवय हा वाद मला तितका खरा वाटत नाही. सवय नसेल तर जनुकाला करायला फारसं काही उरत नाही, निदान या आजारात.

झणझणीत तर्री

म्हणजे आमच्या बॉसचा चेहरा लाल होतो तो जनुकाने? आम्ही इतकी वर्षं मार्च एन्डला दोष देत होतो.

गिरगावकर

समाजासमाजातला फरक बघायला मलेशियापर्यंत कशाला जायला हवं, मुंबईत आहे की. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. डॉ. जस्सावाला त्यामागे होते. सुरुवातीपासून तिथे धर्मवार आकडे बघितले गेले. पारशांमध्ये तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर बाकीच्या मुंबईकरांपेक्षा बराच कमी, आणि पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त. एकाच शहरात, त्याच हवेत, तेच पाणी पिऊन.

कारण सगळ्यांना माहीत आहे. अग्नी पवित्र, त्याला तोंडाने उष्टवायचं नाही, म्हणून धूम्रपान वर्ज्य. आमच्या चाळीसमोरच्या पारशी कॉलनीत संध्याकाळी पेग भरायचे, पण विडी-सिगारेट नाही. पान-तंबाखूही फारशी बघितली नाही. शिखांचं तसंच, तंबाखू धर्मानेच बंद. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात पंजाबात तंबाखू वापरणारे प्रौढ १३.४ टक्के, महाराष्ट्रात २६.६.

पारावरचा अप्पा

म्हणजे धर्म पाळला की कॅन्सर होत नाही, असंच ना? मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

गिरगावकर

अप्पा, तुम्ही पहिल्यापासून नशीब म्हणत होता.

कृष्णाकाठची

आणि आमच्याकडचे माळकरी? मांसमच्छी बंद, दारू बंद, गळ्यात तुळशीची माळ. टाळ खाली ठेवला की पहिली डबी निघते. तंबाखू निषिद्धात कुणी धरलीच नाही. बंदी कशावर घालायची राहून गेली, यावरही बरंच अवलंबून दिसतं.

उसाचं टिपरू

इतका वेळ वाचत होतो. वंश, धर्म, जात सगळं झालं. पोटाचं कुणी बोलेना.

माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे, बीडहून पश्चिम महाराष्ट्रात. पहाटे अंधारात फडात उतरायचं. कोयता चालू झाला की भाकरीला उन्हं डोक्यावर येईपर्यंत वेळ नाही. तंबाखूचा बार लावला की भूक मरते आणि डोळा उघडा राहतो. आई मिश्री लावायची, बाप मळायचा. मुकादम उचल देताना तंबाखूचे पैसे वेगळे धरत नव्हता, पण पुडी हातात आधी पडायची. हेच काम कुठल्याही जातीच्या माणसाला दिलं तरी तो महिन्याभरात मळायला लागेल. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, ट्रक चालवणारे, खाणीत दगड फोडणारे, सगळीकडे तेच आहे.

तेव्हा 'अमुक समाजात व्यसन जास्त' असं लिहिताना तो समाज कुठलं काम करतो ते शेजारी लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, या लोकांना अक्कल नाही.

दंतकथा

टिपरू, हा धाग्यातला सगळ्यांत वजनदार प्रतिसाद. एवढंच जोडते की तैवानमध्येही हाच नमुना आहे. तिथे कोवळी हिरवी सुपारी चुना लावून चघळतात, विड्यात तंबाखू नसते. खाणारे मुख्यतः पुरुष: ट्रकवाले, बांधकाम मजूर, शेतकरी. जागं राहायला आणि अंगात ऊब यायला. मूळ जमातींत प्रमाण आणखी जास्त. तिथल्या सरकारने सुपारी खाणाऱ्यांची तोंडं तपासायची मोहीम सरकारी खर्चाने चालवली, बागा काढायला शेतकऱ्यांना पैसे देऊ केले. खाणाऱ्यांचं प्रमाण उतरलं. 'हा आमच्या संस्कृतीचा भाग' असं म्हणणारे तिथेही होते.

मांडवीकाठ

गोव्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. गिरगावकरांनी दिलेल्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात गोव्यात तंबाखू वापरणारे ९.७ टक्के, म्हणजे शेजारच्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. सीमा ओलांडून सावंतवाडीत गेलं की माणसं तीच, भाषाही बरीचशी तीच, देवसुद्धा तेच. मात्र आमच्याकडे पूर्वी काही बायका धुमटी ओढायच्या, तीही पेटतं टोक तोंडात धरून. तंबाखू झाडाच्या पानात गुंडाळून केलेली लांबट सुरळी. आंध्रात श्रीकाकुलम, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कोळणी चुट्टा (गावठी चिरूट) असाच उलटा ओढतात. अशा बायकांना टाळूचा कॅन्सर होतो, जो एरवी फारसा दिसत नाही. निखारा जिथे, तिथे जखम. दंतकथांच्या डाव्या-उजव्याच्या मुद्द्याला ही वरची बाजू.

नवखा नारळ

निखारा तोंडात?? का पण?

मांडवीकाठ

वारा आणि पाण्याचे शिंतोडे यांनी विझू नये म्हणून, असं सांगतात. शिवाय बाई ओढतेय हे लांबून दिसत नाही. कृष्णाकाठची म्हणाल्या तेच, लपवण्याची सोय.

हातमागवाला

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे ना? मग हे सगळं मिळतं कसं?

झणझणीत तर्री

तुम्ही कुठल्या महाराष्ट्रात राहता? तिकडे जागा बघून ठेवा माझ्यासाठी.

वैनगंगाकाठ

बंदी गुटख्यावर, पानमसाल्यावर, नंतर सुगंधी सुपारी-तंबाखूवर. साधी तंबाखू आणि साधी सुपारी वेगवेगळी विकायला कुठे अडचण आहे? आमच्याकडे तर ठेल्यावर समोरासमोर एकत्र करून घोटतात. तरी काहीच फरक नाही असं नाही. २००९-१० ला राज्यात तंबाखू वापरणारे ३१.४ टक्के होते, ते वर आलेल्या २६.६ वर उतरले.

पारावरचा अप्पा

आर. आर. आबा गेले, २०१५ ला. तोंडाच्या कॅन्सरनेच. तेव्हा आमच्या पारावर काही आठवडे कुणी डबी काढली नव्हती. मग एकाने काढली, मग सगळ्यांनी.

दंतकथा

अप्पा, आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला काही सापडलं नाही.

आबांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. शरद पवारांचं अर्धंच माहीत असतं. त्यांच्या तोंडाचं ऑपरेशन २००४ साली झालं हे ठाऊक असतं, पण सुपारीच्या धोक्याबद्दल आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं, असं ते दातांच्या डॉक्टरांच्या कार्यक्रमात जाहीरपणे बोलले, ते विसरलं जातं. म्हणून बेलग्रेव्हच्या बाईंना एक विचारते, राग मानू नका. तुमच्या पुण्याच्या घरी तंबाखू नव्हती हे मान्य. जेवणानंतर सुपारी फिरायची का?

बेलग्रेव्हची बाई

फिरायची. पितळी डबा, अडकित्ता, आजोबा बारीक कातरायचे. भाजलेली, वेलदोडा घातलेली. तिला आमच्याकडे मुखशुद्धी म्हणत, व्यसन कुणीच नाही. मी लहानपणी खायची, इथे आल्यावर सुटली. आई अजून खाते, दिवसातून चार-पाच वेळा सहज. आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवतंय, गेल्या दिवाळीत तिला मिसळ तिखट लागली म्हणून बाजूला ठेवली होती. ती, जी पूर्वी वरून तर्री मागायची.

झणझणीत तर्री

(एरवी इथे माझ्या नावावरून विनोद केला असता. काकूंना आधी दाखवून घ्या.)

दंतकथा

घाबरू नका, पण पुढे ढकलू नका. तिखट सोसेनासं व्हायला दुसरी कारणं असू शकतात, व्हिटॅमिन कमी असणं, कवळी टोचणं वगैरे. पण सुपारी खाणाऱ्यात ते सबम्युकस फायब्रोसिसचं पहिलं लक्षण असू शकतं. गालाची आतली बाजू हळूहळू पांढुरकी, ताठ होते, आत दोऱ्या ताणल्यासारख्या हाताला लागतात, तोंड कमी उघडायला लागतं. घरी करायची परीक्षा सोपी आहे: आपली तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का बघायचं. सुपारी थांबवली तर पुढची वाढ थांबायला मदत होते. झालेला ताठपणा सहसा पूर्ण मागे जात नाही, आणि यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. म्हणून दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं.

माझ्याकडे या तक्रारीने येणारे बरेचसे विशीतले आहेत. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या सुपारीच्या पुडीपासून सुरुवात. त्यामुळे हा म्हाताऱ्यांचा आजार समजू नका.

आणि तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. केरळात तिरुअनंतपुरमजवळ आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडं तपासली. काही वर्षांनी बघितलं तर तंबाखू-दारूवाल्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक-तृतीयांशाने कमी झाले होते. २००५ साली ते निष्कर्ष छापून आले. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, इतकं बघायला आरसा आणि खिडकीतला उजेड पुरतो.

बेलग्रेव्हची बाई

आईला फोन केला. दोनच बोटं जातात म्हणाली. आणि वर, "माझं तोंड पहिल्यापासून लहानच आहे". भावाला सांगून या आठवड्यातली वेळ घेतली आहे.

कागदाबद्दल मात्र माझं मत तसंच आहे. तो सगळ्यांनाच दाखवावा. आडनाव बघून कागद काढला की जिचं आडनाव तसं नाही ती सुटते आणि जिचं आहे तिला आरोप वाटतो.

क्वालालंपूरचा कोल्हापुरी

इथे माझं थोडं वेगळं. डॉक्टरकडे पेशंटमागे मोजकी मिनिटं असतात. जिथे आजार जास्त तिथे आधी बघणार. इंग्लंडात बांगलादेशी बायका, त्यातही लंडनच्या टॉवर हॅम्लेट्ससारख्या भागातल्या, पानात तंबाखूचं पान घालून खातात, त्यांना कुणी विचारलंच नाही तर नुकसान त्यांचंच. फक्त विचारायची रीत हवी. "आम्ही सगळ्यांनाच विचारतो" असं म्हणून विचारलं असतं तर तुम्हीच घरचा पितळी डबा तिथेच सांगितला असता.

बेलग्रेव्हची बाई

कदाचित. पण मग खरोखर सगळ्यांना विचारावं, नुसतं म्हणू नये.

हातमागवाला

सोडायचं असेल त्यांच्यासाठी: राष्ट्रीय क्विटलाइन १८०० ११ २३५६, फुकट आहे. माझ्या भावाने मागावर असतानाच फोन लावला होता. पहिल्यांदा सुटली नाही, परत लावला. आता लवंग चघळतो.

उसाचं टिपरू

लवंग चालते ना पण?

दंतकथा

चालते. गालात धरून झोपू नका म्हणजे झालं.

नवखा नारळ

माझा एक बालिश प्रश्न. सुपारी नको, काथ नको, तंबाखू नको, चुना नको. नुसतं नागवेलीचं पान, गुलकंद आणि खोबरं घालून खाल्लं तर?

दंतकथा

नुसत्या पानाने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. गुलकंदाची साखर दातांना लागेल, तेव्हा परत माझ्याकडेच याल.

पारावरचा अप्पा

सुपारी-चुन्याशिवाय त्याला पान म्हणत नाहीत. ती पालेभाजी.